तराफ्यावरचा एकटा आणि किनाऱ्यावरच्या बाया

आम्ही खाडीकाठच्या बचत गटाच्या बाया बोलतोय. माईकसमोर चौघी बसलोय. बोलणार एक आणि मधे मधे दुरुस्ती करणार तिघी, घरात असतं तसंच.

आमचं काम तुमच्यातल्या पुष्कळ जणींना ठाऊक आहे. होडी धक्क्याला लागली की लिलाव, मग पाटी, मग बाजार. विकलं न गेलेलं खारवायचं, सुकवायचं. म्हावरं पुरुष आणतात, त्याचे पैसे आम्ही करतो. होडी निघायच्या आधी तिचा शिधाही आम्हीच भरतो. तांदूळ, कांदे, तेल, मसाला, चहापत्ती, साखर, पिण्याचं पाणी. मीठ विसरलं तर चार दिवसांनी परत आलेला माणूस पहिलं तेच बोलून दाखवतो. पण इतकी वर्षं शिधा भरताना होडीवर आणखी काय आहे, काय नाही, हे आम्ही कधी विचारलं नव्हतं. ते पुरुषांचं. ते नाखवा बघेल, तांडेल बघेल.

आज जी गोष्ट सांगायची आहे ती आपल्या दर्याची नाही, फार लांबची आहे. गटातल्या एकीची मुलगी कॉलेजात शिकते. तिने मोबाईलवर इंग्रजीत वाचली आणि आम्हाला मराठीत सांगितली. एका बैठकीत पुरी झाली नाही. बचतीचे पैसे गोळा करायचे राहिले, इतक्या आम्ही त्या गोष्टीत अडकलो.

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर हल नावाचं बंदर आहे. तिथे हेसल रोड म्हणून कोळ्यांची वस्ती होती. पुरुष मोठ्या ट्रॉलरवर जायचे, उत्तरेला आइसलँडच्या बर्फाळ समुद्रात. तीन आठवडे बाहेर आणि दोन-तीन दिवस घरी. बायका मासळीच्या कारखान्यात मासे कापायच्या, सोलायच्या. हात थंडीने बधिर व्हायचे. आणि रिवाज असा, की बाईने नवऱ्याला पोचवायला धक्क्यावर जायचं नाही, अपशकुन होतो. तो निघेल त्या दिवशी घरात कपडे धुवायचे नाहीत, माणूस वाहून जाईल. हे ऐकल्यावर आमच्यातल्या म्हाताऱ्या मावशी खो-खो हसल्या. म्हणाल्या, म्हणजे गोऱ्यांच्यातही आहे का हे? आपल्याकडेही बाईने होडीला पाय लावू नये म्हणणारे अजून आहेत.

१९६८ सालचा जानेवारी. सेंट रोमॅनस नावाचा ट्रॉलर १० तारखेला हलहून निघाला. त्यावर रेडिओ होता, पण तो चालवायला वेगळा माणूस घेतला नव्हता. त्याच संध्याकाळी शेवटचं बोलणं झालं. त्यानंतर आवाज नाही. आणि मालकांनी बोट बेपत्ता असल्याची वर्दी दिली ती २६ जानेवारीला. सोळा दिवस, मैत्रिणींनो! घरच्यांना वाटत होतं बोट मासेमारी करतेय. दुसरा ट्रॉलर किंग्स्टन पेरिडॉट, तोही १० तारखेलाच निघालेला. तोही गेला. दोन्ही बोटींवरचं एकही माणूस परत आलं नाही.

तिसरी बोट रॉस क्लीव्हलँड. हिची गोष्ट थोडी सावकाश सांगतो.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला आइसलँडच्या वायव्येला मोठं वादळ उठलं. रॉस क्लीव्हलँड आणि आणखी काही बोटी आसऱ्यासाठी डोंगरांच्या मधल्या एका मोठ्या खाडीत शिरल्या. आपल्याकडे वादळाचं नाव काढलं की पाऊस आणि लाटा डोळ्यांसमोर येतात. तिथे त्याहून वाईट एक गोष्ट असते. थंडी इतकी, की उडालेलं पाणी बोटीवर पडलं की तिथेच गोठतं. डोलकाठीवर, दोरांवर, केबिनवर बर्फाचे थर चढत जातात. खलाशी कुऱ्हाडी घेऊन ते फोडत राहतात, आणि फोडून होईतो मागे दुसरं चढलेलं असतं.

डोक्यावर पाटी घेऊन आपण चालतो ना, तशी कल्पना करा. पाटीत कोणीतरी सारखं वरून ओझं टाकतंय आणि खाली पायाशी शेवाळ आहे. एक क्षण असा येतो की मान सावरत नाही. बोटीचं तसंच होतं. वरचा भार वाढला की ती एका बाजूला कलते, आणि पुन्हा सरळ होत नाही.

रॉस क्लीव्हलँड तशी कलंडली. तिचा तांडेल फिल गे शेवटपर्यंत रेडिओवर होता. आसपासच्या बोटींनी त्याचं बोलणं ऐकलं. आम्ही उलटतोय असं त्याने सांगितलं, आणि आमच्या बायकांना, घरच्यांना आमचं प्रेम कळवा, एवढा निरोप दिला. मग आवाज बंद झाला. त्याच वादळात बोलुंगारविक नावाच्या तिथल्याच गावची एक बोट सहा माणसांसकट गेली. आणखी एक इंग्लिश ट्रॉलर खडकावर चढला. त्याची माणसं मात्र आइसलँडच्या तटरक्षक बोटीने काढली, तशा अंधारात आणि वाऱ्यात. कुठल्याही देशाचा असो, बुडणाऱ्याला काढायला जाणारा माणूस असतोच, हे ऐकून जरा बरं वाटलं.

रॉस क्लीव्हलँड उलटली तेव्हा हॅरी एडम नावाचा सव्वीस वर्षांचा माणूस डेकवर होता. तो तांडेलाच्या हाताखालचा, मेट म्हणतात त्याला. बाहेर बर्फ फोडायचं काम चालू होतं म्हणून त्याच्या अंगावर पाणी न शिरणारा जाड पोशाख होता. तो पाण्यात फेकला गेला. फुगवायचा रबरी तराफा कसाबसा सुटला होता. त्यात दोघे जण चढले होते. एक वयाने मोठा, जाणता खलाशी, दुसरा अठरा वर्षांचा पोरगा. त्यांनी हॅरीला आत ओढून घेतलं.

पण ते दोघे बोटीच्या आतून जसे होते तसे धावत बाहेर आले होते. पोराच्या अंगावर तर आतलेच कपडे. तराफ्यात बर्फासारखं पाणी भरत होतं आणि तिघे उपसत होते. रात्र सरायच्या आत तो पोरगा गेला, मग दुसरा गेला. थंडीत असा मरणारा माणूस ओरडत नाही म्हणे. तो गप्प होत जातो.

हॅरी दोन मृतदेहांसोबत त्या तराफ्यात राहिला. तराफा वाहत वाहत खाडीच्या एका फाट्यात किनाऱ्याला लागला. तिथे कोणी नाही. दगड आणि बर्फ. तो चालत राहिला. एक घर दिसलं, पण ते बंद, हिवाळ्यात रिकामं असलेलं. दार उघडेना. हातपाय बधिर झालेले. मग तो त्या घराच्या आडोशाला, वारा लागणार नाही अशा बाजूला उभा राहिला. रात्रभर उभा राहिला, कारण बसलो तर झोपू आणि झोपलो तर संपलो, हे त्याला कळत होतं. सकाळी मेंढ्या घेऊन एक शेतकऱ्याचा पोरगा तिकडे आला आणि त्याने हा उभा असलेला माणूस पाहिला. बोट उलटल्यापासून साधारण छत्तीस तास झाले होते.

इकडे हलमध्ये त्याला मेलेल्यांत धरलं होतं. तीन बोटी मिळून ५८ माणसं गेली, आणि परत आला तो हा एकटा.

इथे आमच्यात भांडण झालं. एक म्हणाली, नशीब बलवत्तर. दुसरी म्हणाली, नशीब कसलं, कपडे! तराफा एकच होता, पाणी तेच, थंडी तीच. ज्याच्या अंगावर पोशाख होता तो राहिला. धीर तर त्या अठरा वर्षांच्या पोरातही असेल. हॅरीलाही त्यानेच तर वर ओढून घेतलं होतं. या बोलण्यावर बराच वेळ कोणी काही बोललं नाही.

आता त्या बायकांचं. रॉस क्लीव्हलँड बुडायच्या आधीच, पहिल्या दोन बोटींची बातमी आल्यावर, लिलियन बिलोका नावाची मासळी कारखान्यात काम करणारी बाई उठली. तिचा मुलगा ट्रॉलरवर होता. अंगापिंडाने थोराड, बोलायला फटकळ, डोक्याला रुमाल बांधलेला. तिने आणि तिच्यासोबतच्या बायकांनी दारोदार फिरून दहा हजार सह्या गोळा केल्या. मागण्या साध्या होत्या. प्रत्येक बोटीवर रेडिओ चालवायला शिकलेला माणूस हवा. हवामानाची खबर नीट मिळावी. नव्या पोरांना शिकवल्याशिवाय पाठवू नका. जीव वाचवायचं सामान पुरेसं ठेवा. आणि बोटींच्या ताफ्यासोबत दवापाण्याची सोय असलेलं एक मोठं जहाज असू द्या.

शेकडो बायकांची सभा झाली. मग त्या चालत धक्क्यावर गेल्या. ज्या धक्क्यावर बाईने जायचं नाही असा रिवाज, तिथेच. लिलियन म्हणायची, रेडिओवाला माणूस नसेल ती बोट मी जाऊ देणार नाही. एक दिवस पहाटे अशी एक बोट निघाली तेव्हा तिने खरोखर त्यावर उडी घ्यायचा प्रयत्न केला. पोलिसांनी तिला धरून ठेवलं.

तिच्यासोबत पुढे असलेल्या तिघींची नावं मेरी डेनेस, इव्हॉन ब्लेन्किन्सॉप आणि ख्रिस्टीन जेन्सन. ही ख्रिस्टीन म्हणजे रॉस क्लीव्हलँडच्या तांडेलाची, फिल गेची बहीण. भाऊ समुद्रात असताना ती या लढ्यात उतरली आणि लढा चालू असतानाच भावाची बोट गेली. तरी ती लंडनला मंत्र्यांकडे गेली. आम्हाला हे सांगताना मुलीचा आवाज चिरकला, आम्ही तिला पाणी दिलं.

मंत्र्यांनी ऐकलं. सुरक्षेचे ८८ उपाय मान्य झाले. रेडिओवाला माणूस आला, ताफ्यासोबत जहाज आलं. इतक्या थोड्या दिवसांत इतकं क्वचितच कोणी मिळवलं असेल.

आणि लिलियनचं काय झालं? तिची कारखान्यातली नोकरी गेली. मग दुसऱ्या कोणी तिला कामावर घेईना. जिवे मारायच्या धमक्यांची पत्रं आली. बायकांनी पुरुषांच्या कामात नाक खुपसू नये, असं तिच्याच वस्तीतले लोक म्हणाले. १९८८ साली ती गेली. तिच्या नावाच्या पाट्या लागल्या त्या पुष्कळ नंतर. समुद्रही काही त्या ८८ उपायांना घाबरून बसला नाही. १९७४ साली हलचाच गॉल नावाचा मोठा ट्रॉलर ३६ माणसांसकट गेला. हेही सांगितलं पाहिजे, नाहीतर गोष्ट गोड होते.

आमचा समुद्र बर्फाचा नाही. पण २००९ च्या नोव्हेंबरात, ११ तारखेला, फयान आलं ते आमच्यातल्या कोणीही विसरलेली नाही. आणि त्याहून जवळची गोष्ट सांगतो. तीन वर्षांपूर्वी आमच्याच गावची एक होडी खाडीच्या तोंडाशी उलटली. वादळ नव्हतं, साधा वारा. ओहोटीचं पाणी जोरात बाहेर येत होतं आणि वारा समोरून. तशा वेळी तोंडावरच्या वाळूच्या दांड्यावर लाट उभी राहते. मागून एक लाट आली, होडी आडवी झाली, दुसरीने पालथी केली. सहा माणसं होती. लाइफ जॅकेटही सहा होती. सरकारी तपासणीला दाखवायला केबिनमध्ये प्लॅस्टिकच्या वेष्टनातच ठेवलेली. होडी पालथी झाली तेव्हा ती तिच्या पोटातच राहिली.

पाच जण पालथ्या होडीला धरून राहिले. जाळ्याची दोरी कापून त्यांनी एकमेकांना बांधून घेतलं. जो थकेल त्याला मधे घ्यायचे. डिझेलचे दोन रिकामे कॅन काखेत. तहान लागली तरी खारं पाणी प्यायचं नाही, हे तांडेल रात्रभर ओरडून सांगत होता. पोहत किनारा गाठू, दिवे दिसतायत, असं एकाने तीनदा म्हटलं. तांडेलाने त्याला दोरीने मागे ओढलं. दिवे दिसतात जवळ, पण असतात लांब, आणि ओहोटी माणसाला बाहेरच नेते. सकाळी शेजारच्या गावच्या होडीने त्यांना पाहिलं.

सहावा मिळाला नाही. तो लांबच्या राज्यातून कामाला आलेला खलाशी होता, दुसऱ्याच हंगामाला आलेला. पोलिसांनी त्याचं पूर्ण नाव विचारलं. नाखव्याने एक सांगितलं, तांडेलाने दुसरं. खलाशांना त्याचं लाडाचं नाव ठाऊक होतं. त्याच्या गावी निरोप पोचायला अकरा दिवस लागले. आणि पुढे काय, तर मृतदेह नाही म्हणून मरणाचा दाखला नाही. दाखला नाही म्हणून विम्याचे पैसे नाहीत. मच्छीमारांच्या अपघात विम्यात मरणाला पाच लाखांची तरतूद आहे, पण आधी त्याचं नाव विम्याच्या यादीत पाहिजे, आणि ते नव्हतंच. सात वर्षं माणसाची काही खबर नाही तर कायदा त्याला मेलेला धरू शकतो. त्याच्या बायकोने एकदा फोनवर आमच्यातल्या एकीला विचारलं, ताई, मी कुंकू लावू की नको? याला उत्तर काय देणार.

हलच्या बायकांची गोष्ट ऐकली आणि आम्हाला ही बाई आठवली. सेंट रोमॅनसचे सोळा दिवस आणि आमचे अकरा दिवस.

म्हणून आम्ही एक वही केली. लांबलचक काही नाही, शाळेची दोनशे पानी. होडी निघताना शिधा पोचवायला आम्ही जातोच. त्याच वेळी लिहायचं: होडीचं नाव आणि नंबर, निघाल्याची वेळ, कोणत्या बाजूला जाणार, कधी परत येणार, आणि प्रत्येक खलाशाचं आधारवरचं पूर्ण नाव, त्याच्या घरचा फोन, विमा आहे की नाही. लाइफ जॅकेट किती, आणि ती कुठे आहेत. हा शेवटचा प्रश्न आम्ही मुद्दाम ठेवला. केबिनमध्ये वेष्टनात, असं उत्तर आलं की आम्ही शिध्याची पिशवी खाली ठेवतो.

यावरून बोलणी खाल्ली. एक नाखवा म्हणाला, आता बायका होडीचा हिशोब ठेवणार का? आम्ही म्हटलं, मासळीचा ठेवतोच की. खलाशांचंही खरं आहे, ते जॅकेट घालून जाळं ओढता येत नाही, उकडतं, दोरी अडकते. आम्ही दिवसभर घाला असं म्हणतच नाही. रात्री, आणि खाडीचं तोंड ओलांडताना येता-जाता, एवढ्या वेळा घाला. बाकी वेळ हाताशी, बाहेर टांगलेलं असू द्या. दोन घरांनी अजून ऐकलेलं नाही. त्यांच्या बायका आमच्याच गटात आहेत, आणि त्यांना आमच्यापेक्षा जास्त त्रास होतो, म्हणून आम्ही त्यांच्यावर जोर करत नाही.

वहीच्या पहिल्या पानावर दोन नंबर मोठ्या अक्षरात लिहिलेत. १५५४, तटरक्षक दलाचा. १०९३, सागरी पोलिसांचा. तुम्हीही लिहून घ्या, पेन घेऊन या, आम्ही थांबतो. पंधरा चौपन्न. दहा त्र्याण्णव. ज्यांच्या गावाला समुद्र नाही त्यांनीही घ्या, तुमच्याकडून कोणी ना कोणी आमच्या होड्यांवर कामाला आलेलं असतं. आणि तुमचं माणूस आलं असेल तर त्याला विचारा, कोणत्या बंदरात, कोणाच्या होडीवर, होडीचा नंबर काय. घरात लिहून ठेवा.

मागच्या महिन्यात एक होडी सांगितलेल्या वेळेला आली नाही. संध्याकाळचे सहा, सात, आठ. फोन लागेना. पूर्वी आम्ही देवाला नारळ बोलून सकाळपर्यंत वाट पाहिली असती. नारळ बोललाच, पण नवाला वही उघडून १५५४ लावला. पलीकडच्या माणसाने जे जे विचारलं ते सगळं त्या पानावर होतं. होडीचा रंग तेवढा लिहिलेला नव्हता. तो तांडेलाच्या बायकोने सांगितला, गेल्या पावसात तिनेच लावला होता म्हणून.

इंजिन बंद पडलं होतं, बाकी काही नाही. पहाटे दुसऱ्या होडीने दोरी बांधून ओढत आणली. तांडेल उतरला तोच रागावलेला, एवढ्याशासाठी दिल्लीपर्यंत फोन कशाला केलात म्हणून. त्याच्या अंगावर जॅकेट होतं, काढायचं विसरला होता. त्याची बायको काही बोलली नाही. तिने आमच्या हातातली वही घेतली, पान शोधलं आणि होडीच्या नावापुढे लिहिलं: आली, पहाटे पाच वाजून दहा मिनिटं, माणसं सात. रंगाचा रकाना तेव्हापासून वाढवलाय.